बरोबर वजनाची बॅग

माणसे माणसांना चेहऱ्यावरून ओळखतात. फोटोबाई दातांवरून ओळखत. दंतरुग्णालयाच्या तळमजल्यावर, पूर्वी जिथे बादल्या आणि झाडू ठेवले जात अशा एका बिनखिडकीच्या खोलीत, त्यांनी उमेदीची सारी वर्षे लोकांच्या तोंडात कॅमेरा रोखून काढली होती. एखाद्या समारंभात कुणी पुढे येऊन अगत्याने विचारपूस करावी आणि बाईंनी त्याच्याकडे कोऱ्या नजरेने पाहत राहावे, असे हटकून घडे. मग तो गृहस्थ ओशाळून हसला की बाईंच्या मुद्रेवर एकदम ओळख उजळे. ‘हा तर वरचा डावा सुळा,’ असे त्या मनाशी म्हणत आणि अगदी जिव्हाळ्याने त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत.

वास्तविक त्यांचे शिक्षण वाङ्मयाचे. पदवी पहिल्या वर्गाची, भाषा घासूनपुसून लख्ख केलेली. परंतु ज्या काळात त्या अध्यापनाच्या नोकरीसाठी अर्ज करत हिंडल्या, त्या काळात सर्व जागा कुणा ना कुणाच्या भाच्यांनी भरल्या, आणि हौसेखातर शिकलेली छायाचित्रकला जन्माला पुरली. हे शल्य त्यांनी कधी लपवले नाही. उलट ते बोथट होऊ नये म्हणून रोज थोडे वापरून ठेवले. गल्लीतला विझलेला दिवा, पाठ टेकताच मागे कलंडणारा थांब्यावरचा बाक, दाराला आतून कडीच नसलेले सार्वजनिक स्वच्छतागृह, यांविषयी त्यांनी संबंधित कार्यालयांना पाठवलेली निवेदने भाषेच्या दृष्टीने निर्दोष होती. उत्तरे क्वचित येत. आलीच तर त्यांतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून बाई ती साभार परत पाठवत. कालांतराने उत्तरे येणे बंद झाले, आणि त्याचीही एक तक्रार त्यांच्या खाती जमा झाली.

अशा बाईंना आता प्रवासाला निघायचे होते. निमित्त आई, आणि आईचे निमित्त एक मासा.

बाईंचे वडील पत्रेकाम करत: बादल्या, नरसाळी, छपराच्या पन्हळी. लग्न झाले त्याच वर्षी त्यांच्या मालकाने त्यांना दूरच्या एका बंदरावर धाडले. बंदराच्या तोंडाशी, पाण्यात, एक जुना मनोरा उभा होता आणि त्याचे छप्पर नव्याने मढवायचे होते. त्या छपराच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा तांब्याच्या पत्र्याचा मासा आपण स्वतःच्या हातांनी घडवून बसवला, असे बाबा आयुष्यभर सांगत आले. पुरावा काही नव्हता. होता तो शब्द. पुढे मावशीचे यजमान कचेरीच्या कामासाठी त्या बंदरावरून गेले आणि परत येऊन त्यांनी जेवताना सहज सांगितले की टोकावर मासाबिसा काही नाही, चांगला तुरेवाला कोंबडा आहे. झाले. त्या दिवसापासून दोघी बहिणींमध्ये जो वाद जुंपला, त्याने दोन्ही घरांतल्या मुलांची बालपणे खाल्ली. ‘दाजी बोलायचे फार गोड,’ एवढेच मावशी म्हणे. आणि त्या ‘गोड’ शब्दावर ती असा काही भार देई की आईच्या तळपायाची आग मस्तकात जाई. शब्दकोशही मावशीचीच री ओढत होता. अशा वस्तूला त्यात ‘वातकुक्कुट’ असे नाव दिलेले होते. बाईंनी ते एकदा पाहिले आणि घरात कुणाला सांगितले नाही.

बाबा गेल्यावर तरी हा वाद निवायला हवा होता. तो अधिकच पेटला. बाबांच्या हातच्या बादल्या गळल्या, नरसाळी गंजली, पन्हळी त्या त्या घरांबरोबर पडल्या. मागे उरला तो एवढा मासा, आणि तोही आईने कधी न पाहिलेला. जाऊ जाऊ म्हणता म्हणता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. हातभर अंतरावरचे तिला अजून लख्ख दिसे. त्यापलीकडचे जग दुधात बुडाले होते. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती ती पावसाळ्यानंतरची. आणि अशातच वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यात बातमी आली की मनोऱ्याचे छप्पर लवकरच उतरवण्यात येणार आहे. टोकावरच्या वस्तूचे पुढे काय होणार, याविषयी बातमीदाराने, नेहमीप्रमाणे, चकार शब्द लिहिला नव्हता.

“मला तो बघायचाय,” आई म्हणाली. “कोंबडा असला तर कोंबडा. पण बघितल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर येणार नाही.”

मावशीला हे कळले तेव्हा तिने फोनवरून शुभेच्छा दिल्या. “जा, जा. आणि आरवला की मला फोन लावून ऐकव.”

मनोऱ्यावर जाणे कुणालाच शक्य नव्हते. तो बंद करून कैक वर्षे झाली होती. धक्क्यावरून टोक दिसत नसे, कारण मध्ये गोदामांची रांग येई. ते दिसे फक्त समोरच्या टेकडीवरून, तेही सुईच्या नाकाएवढे. तेव्हा बाईंनी योजना आखली ती अशी की टेकडीवर जायचे, लांब पल्ल्याच्या लेन्सने टोक जवळ ओढायचे, आणि कॅमेऱ्याच्या मागचा पडदा आईच्या नाकासमोर धरायचा. लेन्स होती ती आईसाठी चष्मा म्हणून. फोटो ही वरकड गोष्ट. तशी लेन्स बाईंजवळ नव्हती. ती भाड्याने मिळत असे आणि तिची लांबी नि वजन, दोन्ही एखाद्या तान्ह्या बाळाएवढे होते.

इथे विमान कंपनीचा प्रश्न आला. माणसाने आपल्यासोबत आत किती वजन न्यावे, हे ज्यांनी ठरवले त्यांनी जन्मात कधी लेन्स उचलली नसावी. सात किलो. त्यांतले जवळजवळ निम्मे ते तान्हे बाळ खाणार. उरलेल्यात कॅमेरा, आईची औषधे, तिची शाल, आणि फार तर आणखी एक लेन्स.

घरच्या काचेच्या कपाटात चार होत्या. एक पोटापाण्याची, म्हणजे दातांची. वीतभर अंतरावरून दाढेतली रेघ टिपणारी. दुसरी साधी, सगळ्यांकडे असते तशी. तिसरी माणसांचे चेहरे खुलवणारी. ती बाईंनी मोठ्या हौसेने घेतली, आणि मग त्यांच्या लक्षात आले की चेहऱ्यात आपल्याला तोंडाखेरीज काही दिसतच नाही. चौथी वाइड. अर्धे आभाळ एका घासात गिळणारी ही लेन्स त्यांनी एका वैतागाच्या दिवशी विकत घेतली होती, आणि तिने आजवर केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे कपाटापासून गॅलरीपर्यंत.

सल्ले देणाऱ्यांना तोटा नव्हता. मुख्य दंतवैद्य म्हणाले, दातांची न्या, तुमचा हात बसलेला आहे. शेजारच्या सूनबाईंनी आपला मोबाईल दाखवून, हल्ली यात सगळं येतं हो, असे सांगितले. बाईंनी त्यावर मौन पाळले, पण ते मौन सूनबाईंना जिना उतरेपर्यंत ऐकू आले असावे. आईचे मत दंतवैद्यांसारखेच पडले.

“अगं, सवयीचं असेल ते घे. परक्या गावी नवीन चप्पल घालून जाऊ नये.”

“आई,” बाई म्हणाल्या, “निदान दोन दिवस तरी मला कुणाचा जबडा नको.”

आणि वाइड लेन्स बॅगेत गेली.

आता यजमानांचा परिचय करून देणे प्राप्त आहे. ते गावाबाहेरच्या वजनकाट्यावर काम करत. भरलेला ट्रक आत घ्यायचा, वजन करायचे, रिकामा बाहेर सोडायचा, वजन करायचे. या व्यवसायाने त्यांना एक तत्त्वज्ञान दिले होते. जगातली माणसे, त्यांच्या मते, दोन प्रकारची: वजन करणारी आणि अंदाज करणारी, आणि जगातली सगळी भांडणे दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी सुरू केलेली आहेत. त्यांना रजा मिळत नव्हती, म्हणून ते येणार नव्हते. परंतु पत्नीची मान आणि खांदा, वर्षानुवर्षे लोकांच्या तोंडावर वाकून वाकून, कामातून गेलेले आहेत हे ते जाणून होते. एका हाताने आईला धरून, पाठीवर सात किलो घेऊन ही बाई टेकडी कशी चढणार? त्याची तालीम केली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. आणि तालीम म्हणजे खऱ्या वजनाची.

लांब लेन्स निघण्याच्या फक्त आदल्या दिवशी यायची होती. मग तालमीत तिच्या जागी काय घालायचे? बाईंच्या खोलीत दंतवैद्यांनी टाकून दिलेल्या, प्लास्टरमध्ये ओतलेल्या जबड्यांचा ढीग होता. रुग्ण बरे होऊन गेले, त्यांचे दात मात्र फडताळात हसत राहिले होते. त्यांतले डझनभर बाईंनी पिशवीत घालून घरी आणले. यजमानांनी ते एकेक करून घरातल्या काट्यावर चढवले, जुन्या टॉवेलात गुंडाळले, आणि लेन्ससाठी मुद्दाम शिवून घेतलेल्या लांबट काळ्या गवसणीत दाबून बसवले. थोडे जास्त भरत होते; तेव्हा त्यांनी एका जबड्याची अक्कलदाढ कानशीने घासून वजन लेन्सच्या वजनाशी तंतोतंत जुळवले.

“आत काच आहे की प्लास्टर,” ते हात झटकत म्हणाले, “हे काट्याला कळत नाही.”

हे वाक्य पुढे त्यांना फार दिवस ऐकावे लागणार होते.

रोज सकाळी बाई ती बॅग पाठीला लावून इमारतीचा जिना वरपर्यंत चढत आणि उतरत. चौथ्या मजल्यावरचे आजोबा दार उघडून कुठे निघालात असे विचारत, आणि परत येताना इतक्यात आलात असे विचारत. खांदा कुरकुरला, मग सरावला. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानाचा माणूस भाड्याची लेन्स देऊन गेला. ती तिच्या पेटीसकट बाहेरच्या खोलीत स्टुलावर ठेवली गेली. बाई आईचे कपडे भरण्यात गुंतल्या. संध्याकाळी यजमान कामावरून आले, हातपाय धुतले, आणि नित्याप्रमाणे बॅग काट्याला टांगली.

“बरोबर,” त्यांनी बाहेरून पुकारा केला.

आत बाईंनी ते ऐकले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. यजमान लेन्स गवसणीत ठेवायला विसरले नाहीत, असे त्यांना वाटले. नाहीतर वजन कशाला केले असते? बाहेर यजमानांनाही वाटले की हिने लेन्स ठेवलेली दिसते. नाहीतर वजन इतके बरोबर कसे भरले असते? त्या घरात काटा बरोबर म्हणाला की पुढे प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. पेटी स्टुलावरून कपाटावर गेली ती रिकामी समजूनच. आणि तिथेही तिचे वजन करावे असे, आश्चर्य म्हणजे, कुणालाही सुचले नाही. यजमानांनी ती खुर्चीवर चढून वर सरकवली आणि पेटीच केवढी जड करतात हे लोक, असे म्हणून कंबर धरली.

विमानतळावर बाईंनी मनातल्या मनात चार तक्रारी नोंदवल्या: चाके अडकलेली ढकलगाडी, अकारण गार हवा, चहाच्या नावाखाली मिळालेले कोमट पाणी, आणि आईला ‘आजी, पटकन’ म्हणणारी मुलगी. फक्त एका माणसाविषयी त्यांचे मत चांगले झाले. सामानाची आतून तपासणी करणाऱ्या यंत्रापाशी बसलेला तो अधिकारी पडद्याकडे पाहत राहिला. त्याने मान तिरकी केली. शेजाऱ्याला बोलावले, त्यानेही मान तिरकी केली. मग दोघांनी बाईंकडे पाहिले.

“दातांचं काम का, मॅडम?”

“हो,” बाई म्हणाल्या, आणि आपल्या गळ्यातल्या रुग्णालयाच्या ओळखपत्रावरून इतके बारकाईने पाहणारा माणूस सरकारी सेवेत अजून शिल्लक आहे, याचे त्यांना खरोखर समाधान वाटले.

“बरेच आहेत,” तो म्हणाला.

“अहो, रोजचेच,” बाई म्हणाल्या. त्याने आदराने बॅग पुढे सोडली.

टेकडीवर टॅक्सी अर्ध्यापर्यंतच गेली. पुढची चढण आईने लेकीच्या दंडाला धरून, चार ठिकाणी थांबून आणि थांबण्याचे कारण दर वेळी ‘तू दमलीस म्हणून’ असे सांगून, पार केली. वर एक बाक होता. तो दृश्याकडे पाठ करून बसवलेला होता. त्यावर बसले की समोर कचऱ्याचा डबा दिसे. शेजारी एक दुर्बीण होती, तिच्या दोन्ही डोळ्यांवर चिकटपट्टी मारलेली. बाईंच्या डोक्यात निवेदनाचा मायना आपोआप जुळू लागला. पण आज त्यांनी तो बाजूला सारला. खाली पाणी चमकत होते. मनोरा पाण्यात खिळ्यासारखा उभा होता, त्याच्याभोवती बांबूंची जाळी दिसत होती, आणि टोकाशी काही आहे की नाही हे बाईंच्या धडधाकट डोळ्यांनाही सांगता येईना.

“आहे का?” आईने विचारले. ती बाकावर उलटी, पाठ टेकायच्या फळीवर कोपरे टेकून, शाळकरी मुलीसारखी बसली होती. तिचा चेहरा बरोबर दिशेला होता, एवढेच. समोर तिच्यासाठी सगळे दूध.

“आत्ता सांगते,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गवसणीची चेन ओढली.

आधी टॉवेल निघाला. यजमानांनी लेन्सला टॉवेलही गुंडाळला, किती ही काळजी, असे बाईंना वाटले. मग टॉवेलातून एक जबडा घरंगळला आणि बाकावर आईच्या गुडघ्याशी जाऊन थांबला. आईने तो उचलून नाकाजवळ नेला.

“अगं, हे कुणाचे?”

बाईंनी गवसणी पालथी केली. एकामागून एक असे बाराही जबडे बाकावर ओळीने बसले आणि कचऱ्याच्या डब्याकडे पाहून हसू लागले.

आयुष्यात प्रथमच त्यांच्यापाशी तक्रार होती, तिला पुरेल एवढी भाषा होती, आणि पत्ता लिहायला कुणी नव्हते. शेवटी त्यांनी यजमानांना फोन लावला. पलीकडे आधी ट्रकची घरघर ऐकू आली. बाईंनी गवसणीतून काय निघाले ते सांगितले, तेव्हा एक हळू आवाज आला.

“पण वजन तर बरोबर होतं.”

“वजन बरोबरच आहे,” बाई म्हणाल्या. “एका ग्रॅमचाही फरक नाही. फक्त सामान दुसरं आहे.”

“तू ठेवली नाहीस?”

“मला वाटलं तुम्ही ठेवलीत.”

“मी तर फक्त वजन केलं,” यजमान म्हणाले. आणि त्यात त्यांच्या स्वभावाचे संपूर्ण चरित्र आले होते.

फोन ठेवून बाई वळल्या, तर आईचे खांदे हलत होते. ती रडते आहे असे वाटून त्या जवळ सरकल्या. ती हसत होती. एक जबडा हातात घेऊन, दुसरा त्याच्यावर बसतो का हे पाहत, तोंडाला पदर लावून ती इतकी हसत होती की तिची स्वतःची कवळी सुटायला आली.

“माझी ही पडली ना, तर अडायचं नाही आता,” ती म्हणाली. “बारा पर्याय आणलेस.”

“आई, हसू नकोस. एवढ्या लांब तुला घेऊन आले आणि... आता काय दाखवू तुला?”

बाईंनी वाइड लेन्स चढवून एक फोटो काढून पाहिला. त्यात टेकडी होती, बंदर होते, अर्धे आभाळ होते, आणि मनोऱ्याच्या जागी एक केस पडल्यासारखा वाटत होता. तो केस कितीही मोठा केला तरी केसच राहिला.

आईने तो पडदा डोळ्यांशी धरून पाहिला आणि परत दिला. “मग खाली जाऊ या.”

“खालून टोक दिसत नाही. मध्ये गोदामं आहेत. आणि मनोरा तर बंदच आहे.”

“मनोरा बंद आहे. माणसं काय बंद आहेत? ते बांबू कुणीतरी बांधलेत ना? त्यांनी वर बघितलं असेलच की. आपण त्यांना विचारू. माझे डोळे नाहीत तर नाहीत, दुसऱ्याचे वापरीन. तुझ्या मावशीने, त्या धाकटीने, नाही का नवऱ्याचे वापरले?”

वाङ्मयाच्या पहिल्या वर्गाच्या पदवीधराने कॅमेरा बॅगेत ठेवला. जबडे गोळा करून, टॉवेलात गुंडाळून, दोघी उतरल्या.

धक्क्यावर डांबराचा आणि ओल्या दोराचा वास होता. गोदामांच्या टोकाशी पत्र्याची एक शेड होती आणि तिच्या दाराशी खुर्ची टाकून मुकादम बसला होता. पोटावर टोपी, टोपीवर हात. बाईंनी त्याला उद्देशून गौण वाक्यांसह एक सुघटित वाक्य उच्चारले, ज्याचा आशय असा होता की सदर मनोऱ्याच्या शिखरावरील वस्तूच्या स्वरूपाविषयी आम्हांस काही माहिती मिळू शकेल काय. मुकादमाने टोपी डोक्यावर ठेवली आणि आईकडे पाहिले.

आई पुढे झाली. “बाबा रे, त्या टोकावर काय आहे? खरं सांग. मासा आहे का कोंबडा?”

“आता काहीच नाही, आजी,” तो म्हणाला. “गेल्या आठवड्यातच उतरवला.”

आईचा हात लेकीच्या दंडावर घट्ट आवळला गेला.

“काय उतरवलं?” तिने विचारले.

“मासा.”

त्याने तो शब्द सहज, अंगठ्याने मागे शेडकडे खूण करत उच्चारला. दोन घरांचे आयुष्यभराचे भांडण आपण मोडून काढले याची त्याला कल्पना असण्याचे कारण नव्हते. आई तिथेच, उन्हात, दोराच्या एका वेटोळ्यावर बसली. मग म्हणाली, “आमच्या ह्यांनी केलाय तो.”

मुकादम उठला आणि त्याने शेडचे दार सताड उघडले.

मासा सुतार वापरतात तसल्या दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला होता. टेकडीवरून सुईच्या नाकात मावणारा तो प्रकार प्रत्यक्षात पुरुषभर लांब निघाला. तांबे हिरवे पडले होते, पोटाशी दोन पोचे होते, एक पर वाकला होता. आईने तो लगेच पाहिला नाही. आधी तिने त्यावर हात ठेवला, गुरावर ठेवावा तसा, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत चालत गेली. मग कडेला अंगठा लावला आणि थांबली. ती वाकली. नाक तांब्याला टेकेल इतकी वाकली, आणि कडेच्या रेषेवरून तिचे डोळे असे सरकत गेले जसे आपण पोथीच्या ओळीवरून बोट सरकवतो.

“दुमडलीय,” ती म्हणाली. “सगळी कड आत दुमडलीय. दुहेरी.”

“तेच तर आम्हाला कळेना,” मुकादम म्हणाला. “एवढ्या उंचीवर कुणाचा हात पोचणार आहे? तरी कारागिराने कड मोडून, घासून, गोल केलीय. पर वाकलाय तो सरळ करायचा तर त्या दुमडीनं आमचा घाम काढला. पोरं म्हणाली, कोण हा शहाणा.”

“हेच शहाणे,” आई म्हणाली. तिचा अंगठा अजून कडेवर होता. “लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात नव्या बादलीच्या कडेने माझा हात कापला. चांगला कापला. त्यानंतर त्यांनी उघडी कड म्हणून ठेवली नाही. डब्याला नाही, नरसाळ्याला नाही. मालक ओरडायचा, पत्रा वाया घालवतोस. हे म्हणायचे, कुणाचा हात कधी कुठे पोचेल, सांगता येत नाही.”

बाईंना ही गोष्ट ठाऊक नव्हती. वादाच्या त्या सगळ्या वर्षांत आईने ती कधी पुराव्यादाखल पुढे केली नव्हती. बादल्या, नरसाळी, पन्हळी घरात हाताळूनही बाईंनी ती दुमड कधी पाहिली नव्हती. ज्या डोळ्यांनी परक्यांच्या दाढांतल्या रेघा शोधल्या, त्या डोळ्यांविषयी त्यांना क्षणभर गंभीर तक्रार वाटली.

“परत चढवणार का?” त्यांनी मुकादमाला विचारले. या वेळी वाक्य छोटे होते.

“चढवणार तर. छप्पर झालं की पोचे काढून, घासून, होता तिथेच. पावसाळ्यानंतर. फेकायचा म्हणून कोण म्हणालं?”

कुणीच म्हटले नव्हते. बातमीदाराने लिहिले नव्हते एवढेच. बाईंनी आईला सांगितले की तोवर तुझे डोळेही झालेले असतील, तेव्हा पुन्हा येऊ आणि टेकडीवरून बघू. आई म्हणाली, हाताने बघितल्यावर डोळ्यांनी काय नवीन दिसणार आहे. पण येऊ, धाकटीलाही आणू.

मग फोटोचा प्रश्न आला. शेड अरुंद. एका बाजूला दोरांची रास, दुसरीकडे सिमेंटची पोती. मागे सरकायला जागा नाही. बाईंची पाठ पत्र्याला लागली तेव्हा त्या माशापासून जेमतेम दोन हातांवर होत्या. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्या वाइड लेन्सने सगळेच सामावून घेतले: मासा नाकापासून शेपटीपर्यंत, त्याच्या डोक्याला हात लावून उभी आई, दोर, पोती, आणि दाराच्या चौकटीत टोपी सारखी करणारा मुकादम. तान्ह्या बाळाएवढ्या त्या लेन्समध्ये इथून माशाचा एक डोळाही मावला नसता. सवयीने बाईंच्या तोंडून शब्द गेला:

“मोठा आ करा.”

“आ?” म्हणून आईने केला. मासा तर आधीपासूनच आ वासून होता. फोटो तसाच आला. दोघांची तोंडे सारखी उघडी, आणि मागे मुकादम खो खो हसताना.

दुसरा काढायला आईने साफ नकार दिला. हाच पाठव, ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता. बाईंनी तो फोटो फोनवर घेतला आणि मावशीकडे रवाना केला. मुकादमाने चहा मागवला. तो खराखुरा गरम होता. पेले रिकामे होत आले तरी मावशीकडून काही हालचाल नव्हती. ती नातवंडाला बोलावून फोटो मोठा करून बघत असणार, असा आईचा कयास होता. शेवटी फोन वाजला. बाईंनी तो आईच्या कानाला लावला, पण मावशीचा आवाज असा की सगळ्या शेडला ऐकू यावा.

“पाहिला हो. मासाच आहे म्हणायचा,” मावशी म्हणाली. “शेपूट आहे, पर आहेत. दाजींचं काम छानच. पण तोंड बघितलंस का त्याचं? नीट बघ. तोंड कोंबड्याचं आहे. आमच्या ह्यांनी तेवढंच पाहिलं असणार, त्यांची काय चूक?”

आईने मान वळवली, दोन पावले पुढे जाऊन माशाच्या तोंडाशी डोळे नेले आणि बराच वेळ निरखले.

“बरं,” ती फोनमध्ये म्हणाली. “तोंडापुरता कोंबडा तुझा. मानेखाली सगळा मासा आमचा.”

“चालेल,” मावशी म्हणाली. “मी येते तो वर चढवतील तेव्हा. माझं तिकीट काढून ठेव.”

फोन बंद झाला. आईने पदराने माशाच्या डोक्यावरची धूळ पुसली आणि मुकादमाला बजावले की चढवाल तेव्हा तोंड धाकटीच्या गावाच्या दिशेला करून बसवा, म्हणजे तिला रोज दिसेल.

“आजी, ते आमच्या हातात नसतं,” मुकादम म्हणाला. “वारा फिरवेल तिकडे ते फिरणार.”

“मग फिरू दे,” आई म्हणाली. “वर्षातून एकदा तरी वारा तिकडे वाहील की.”